चर्चला जाऊ, खरं प्रसादाचं काय?

पत्राचा सारांश: बेळगावच्या शहापूर भागातून एका ताईंनी लिहिलं आहे. घरात नवरा, सासूबाई, नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. शेजारी कोकणी बोलणारं कॅथलिक कुटुंब, जुना घरोबा. शेजारचे गणपतीला यांच्याकडे येतात, आरतीला हात जोडून उभे राहतात, फराळ करतात. देवापुढचा प्रसाद मात्र त्या घरच्या काकू हातात घेऊन हळूच बाजूला ठेवतात. यंदा त्यांनी नाताळच्या आधीच्या एका रविवारी सगळ्यांना मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, बोलावलं आहे, नंतर त्यांच्याकडे नाश्ता. नवरा म्हणतो, जाऊया, रोषणाई बघू, फोटो काढू. सासूबाईंचे मार्गशीर्षातले गुरुवार चालू असतील. त्या म्हणतात, "जावा की, खरं तिथलं काय खाऊ नका, आणि मला ओढू नका." जाऊबाईंनी घरच्या ग्रुपवर टाकलं, "आज चर्च, उद्या काय?" ताई विचारतात: जावं की टाळावं? प्रसाद दिला तर नको कसं म्हणायचं? मुलं गोंधळतील का? आणि सासूबाईंचं काय करायचं?

ताई,

तुमच्या सगळ्या प्रश्नांखाली एकच भीती आहे. तिथं गेलं की आपल्याला काहीतरी करायला लावतील, आणि नाही म्हटलं तर त्यांचा अपमान होईल. आपल्याकडे देवळात गेलं की प्रसादाला हात पुढे करायचा, नको म्हणणं वाईट दिसतं, ही सवय हाडीमाशी असल्यामुळे असं वाटतं. कॅथलिक मिस्सेत मामला उलटा असतो. तिथला ख्रिस्तप्रसाद आलेल्या प्रत्येकासाठी नसतो. बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) झालेला, पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी झालेला कॅथलिक माणूसच तो घेतो, आणि तोही किमान एक तास आधीपासून पाणी आणि औषध सोडून काही न खाता. मनाची तयारी नसेल तर घरचा कॅथलिक माणूसही त्या वेळी बाकावर बसून राहतो. तेव्हा तुम्ही बसून राहिलात तर कुणाच्या भुवया उंचावणार नाहीत. भिडेखातर रांगेत उभ्या राहिलात तर मात्र शेजारच्या काकूंना अवघडल्यासारखं होईल.

आता तुमच्याच पत्रातला गणपतीचा प्रसंग घ्या. काकू प्रसाद बाजूला ठेवतात हे तुमच्या लक्षात आलं, तरी घरोबा टिकला. त्या आरतीला उभ्या राहिल्या, तेवढं तुम्हाला पुरलं. तुम्ही त्यांच्याकडे जाल तेव्हा त्यांची अपेक्षाही एवढीच असणार, हे धरून चला.

ख्रिस्तप्रसादाची वेळ नीट समजून घ्या, कारण नवख्यांचा घोळ होतो तो इथंच. मिस्सा सुरू होऊन पाऊण तास झाला की सगळे 'हे आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना म्हणतात, मग शेजाऱ्यांकडे वळून, हात जोडून एकमेकांना शांती देतात, आणि त्यानंतर थोड्या वेळात बाकांच्या ओळी एकेक करून उठायला लागतात. फादर किंवा त्यांचे मदतनीस प्रत्येकाच्या हातावर वा जिभेवर एक पातळ पांढरी चकती ठेवतात. गव्हाचं पीठ आणि पाणी, आंबवण न घालता भाजलेलं, मोठ्या नाण्याएवढं. (दारूचं विचारतील म्हणून सांगून ठेवतो: पेल्यात द्राक्षाचा वाइन असतो, बहुतेक वेळा तो फादरच घेतात, कधी कधी चकती त्यात बुडवून देतात.) तुमची ओळ उठली की बाकाच्या कडेला असाल तर बाहेर निघून वाट द्या आणि परत जागेवर बसा. आत असाल तर गुडघे एका बाजूला घेऊन माणसं जाऊ द्या. ओळी सोडणाऱ्या स्वयंसेवकाने हाताने 'चला' अशी खूण केली तर हसून मान हलवली की झालं. काही चर्चांमध्ये दोन्ही हात छातीवर आडवे ठेवून रांगेत गेलं की फादर नुसता आशीर्वाद देतात. सगळीकडे ही रीत नाही, म्हणून काकूंना आधी विचारल्याशिवाय जाऊ नका.

चुकून चकती हातात पडलीच तर? खिशात, पर्समध्ये, रुमालात ठेवू नका, देव्हाऱ्यात ठेवायला घरी आणू नका, मोडून मुलांना वाटू नका. कॅथलिक श्रद्धेत ते प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर आहे. तिथल्या तिथे देणाऱ्याला परत करा, "मी कॅथलिक नाही" एवढंच म्हणा. त्यांना त्याची सवय असते.

खरी काळजी घ्यायची ती मुलीची. एखादी मैत्रीण उठली की तीही उठणार. कॅथलिक मुलांचा पहिला ख्रिस्तप्रसाद साधारण आठ ते दहाच्या वयात होतो, त्यामुळे नऊ वर्षांची मुलगी रांगेत दिसली तर देणाऱ्याला संशय यायचं काही कारणच नाही. पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे होत नाही, त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण करून पुढे पाठवतील. मुलीला आदल्या रात्री सांगून ठेवा: "त्यांची तयारी झालेली मुलं जातील, आपण पाहुणे, आपण बसायचं." आणि तिला आपल्या दोघांच्या मध्ये बसवा, मैत्रिणीला खेटून नको.

आता तुमच्या यजमानांकडे वळू. रोषणाई आणि फोटो हा त्यांचा बेत नाताळच्या आधीच्या रविवारी फसणार. या काळाला आगमनकाळ म्हणतात. ३० नोव्हेंबरला सर्वांत जवळचा जो रविवार तो पहिला, म्हणजे तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येतो, आणि नाताळपर्यंत चार रविवार. हा वाट बघायचा काळ. फादरांचे झगे जांभळे, वेदीवर फुलं कमी, मिस्सेतलं 'ग्लोरिया' हे स्तुतिगीत या दिवसांत म्हणत नाहीत, नाताळची गाणी तर नाहीतच. पहिल्या रविवारचं वाचन असतं जागं राहण्याबद्दल आणि जगाच्या शेवटी होणाऱ्या ख्रिस्ताच्या आगमनाबद्दल. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी वाळवंटात हाका देणारा बाप्तिस्मा करणारा योहान येतो. मरिया आणि योसेफ यांची गोष्ट चौथ्या रविवारी. लाल टोपीचा म्हातारा कुठेच नाही. मुलांना 'नाताळ बघायला' म्हणून नेलंत तर दहाव्या मिनिटाला "कधी सुरू होणार?" चालू होईल.

मुलांना दाखवण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे. वेदीजवळ हिरव्या पानांचं गोल कडं ठेवतात, त्यात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. दर रविवारी एक जास्त पेटते. गुलाबी पेटते तो तिसरा रविवार, आनंदाचा. त्या दिवशी फादरांचा झगाही काही ठिकाणी गुलाबी असतो. या कड्याची सुरुवात १८३९ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये एका प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाने केली, गरीब मुलांच्या वसतिगृहात, मुलांना नाताळचे दिवस मोजता यावेत म्हणून. कॅथलिकांनी ते नंतर उचललं. मुलांना "आज किती पेटल्यात मोज" एवढं काम दिलं तरी पाच मिनिटं निभावतात.

म्हणून माझं मत तिसऱ्या रविवारचं. पहिल्या आठवड्यात ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे सण, असतो, त्याच्या आसपास गोव्याच्या मुळाची कुटुंबं चोर्ला घाट उतरून गेलेली असू शकतात. चौथ्या रविवारपर्यंत नाताळची गडबड आणि पापनिवेदनाच्या (फादरांपुढे आपली पापं कबूल करण्याच्या) रांगा लागतात. कडेच्या भिंतीजवळ, पडदा लावलेल्या लाकडी खोक्यासमोर माणसं उभी दिसली तर ती रांग तुमची नाही, आणि मुलाने पडदा सारून आत डोकावू नये एवढं बघा.

रोषणाईच बघायची असेल तर तोही पर्याय चांगला आहे आणि त्यात काही कमीपणा नाही. २४ तारखेच्या रात्री गोठ्याच्या देखाव्यातल्या रिकाम्या गव्हाणीत बाळ येशू ठेवतात, आणि देखावा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत असतो. २६ तारखेनंतर कुठल्याही संध्याकाळी जा, वीस मिनिटं बघा, मिस्सा चालू नसेल आणि तिथल्या कुणाला विचारलं तर फोटोही काढता येतील. २४ च्या रात्रीच्या मिस्सेला मात्र लहान मुलं घेऊन पहिल्यांदा जाऊ नका. गर्दी, बेळगावची डिसेंबरातली थंडी, आणि अर्धी माणसं बाहेर मांडवात उभी.

जायचं ठरलं तर आधी दोन गोष्टी विचारून घ्या. एक, नेमकं कुठलं चर्च. कॅम्पात, म्हणजे छावणी भागात, जवळजवळ चर्चं आहेत. फातिमा कॅथेड्रल कॅथलिकांचं, सेंट मेरीज प्रॉटेस्टंट परंपरेचं. प्रॉटेस्टंट उपासनेचा क्रम आणि नियम वेगळे असतात, तेव्हा मी वर लिहिलेलं तिथं जसंच्या तसं लागू होणार नाही. दुसरं, मिस्सा कुठल्या भाषेत. बेळगावचा धर्मप्रांत १९५३ साली गोवा आणि पुणे या दोन्हीकडचे भाग काढून झाला, त्यामुळे कोकणी, मराठी, कन्नड, इंग्रजी असा सगळा कारभार आहे. (सीमाभागात चार भाषा एका छपराखाली नांदतात, हे आपल्या पुढाऱ्यांना कुणी कळवू नका.) मुलं कॉन्व्हेंटात असतील तर इंग्रजी चालेल, सासूबाई येणार असतील तर मराठी बघा. शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारचीच धरतात, पण कुठे आणि किती वाजता ते चर्चच्या फलकावर बघावं लागतं.

मिस्सा तासाभराची, प्रवचन लांबलं तर सव्वा तास. पंधरा मिनिटं आधी पोचा. शेजारच्यांचा उपवास असेल, तुमचा नाही. मुलांना घरून खाऊ घालून न्या, बाकावर बिस्किटाचा पुडा फोडायची वेळ येऊ देऊ नका. चपलांचं एकच धोरण नाही, शहरात बहुतेक घालूनच आत जातात, गावाकडे काढतात. दारात चपलांची रांग दिसली तर काढा. साडी, पंजाबी ड्रेस, काहीही चालेल, वर स्वेटर. कुंकू, मंगळसूत्र जसं आहे तसं राहू द्या. नारळ, हार, उदबत्ती नेऊ नका. बाहेर मरियेची गुंफा असेल तर तिथं मेणबत्ती लावता येते, ठेवलेल्या स्टँडवरच.

दाराशी भिंतीत किंवा खांबाला पाण्याचं छोटं भांडं असतं. कॅथलिक त्यात बोटं बुडवून स्वतःवर क्रुसाची खूण करतात. आपली माणसं इथं हमखास चुकतात: ओंजळीत घेऊन तीर्थासारखं पितात. ते पिण्याचं नाही. सरळ पुढे जा. वेदीच्या बाजूला एक लाल दिवा तेवत असतो, त्याच्या शेजारच्या पेटीत ख्रिस्तप्रसाद ठेवलेला असतो. लोक त्या दिशेने उजवा गुडघा टेकून मग बाकात शिरतात. तुम्ही हात जोडलेत तरी छान, नुसत्या बसलात तरी छान.

बसायला मधल्या ओळींच्या मागे, कडेच्या वाटेजवळ. समोरच्या बाकाला खाली एक फळी असते, गुडघे टेकायची, बऱ्याच ठिकाणी उघडमीट होणारी. पाच वर्षांच्या मुलाला ती खेळायलाच ठेवली आहे असं वाटणार. ती सटकली की धाडकन आवाज होतो, बोटं किंवा पायाचा अंगठा खाली सापडला तर रडारड. फळी खाली असली की मुलाचे पाय तिच्या मागे, आणि हात लावायचा नाही. सगळे उभे राहतील तेव्हा उभ्या राहा, बसतील तेव्हा बसा. गुडघे टेकणं तुमच्यावर बंधनकारक नाही; बसून राहणार असाल तर बाकावर थोडं पुढे सरका, नाहीतर मागे गुडघ्यावर असलेल्या माणसाची कोपरं तुमच्या पाठीला लागतात. त्या वेळी घंटी वाजते आणि अख्खं चर्च गप्प होतं. मुलाला शूला न्यायचं असेल तर त्याच्या बरंच आधी, प्रवचनाच्या वेळी न्या.

दानाची पिशवी किंवा ताट फिरेल. दहा-वीस रुपये टाका किंवा नुसतं पुढे द्या. शांती देताना शेजाऱ्यांकडे वळून हात जोडायचे. १९६९ साली भारतातल्या चर्चसाठी ज्या बारा भारतीय रीती रोमने मान्य केल्या त्यांत हा नमस्कारही आहे. तेवढं सासूबाईंनाही जमेल.

मुलं गोंधळतील का, याचं उत्तर तुम्ही आधी काय सांगता यावर आहे. या बाबतीत मुलीची चिंता मला कमी वाटते. धाकट्याला मात्र क्रुसावरची जखमांची मूर्ती एकदम समोर दिसली तर भीती वाटू शकते. आधी सांगा की येशूला वाईट माणसांनी असं मारलं आणि ही माणसं त्याची आठवण ठेवतात. "आपला देव की त्यांचा देव?" असं विचारलंच तर लांबलचक तत्त्वज्ञान नको. "काकूंच्या घरी अशी पूजा करतात, आपल्याकडे तशी करतात" हे पाच वर्षांच्या मुलाला पुरतं.

जाऊबाईंच्या "उद्या काय?"चं उत्तर "उद्या सोमवार, शाळा" हेच. तरी त्यामागची शंका खरी असेल तर माहिती देऊन ठेवा. मिस्सेला बसल्याने, मेणबत्ती लावल्याने, आशीर्वाद घेतल्याने कुणी कॅथलिक होत नाही. प्रौढ माणसाला व्हायचंच असेल तर त्याने स्वतः मागावं लागतं, मग महिनोन्‌महिने शिकवणी, टप्प्याटप्प्याचे विधी, आणि बाप्तिस्मा साधारणपणे ईस्टरच्या आदल्या रात्री. नकळत होण्यासारखं त्यात काही नाही. आमंत्रण मिस्सेचं नसून एखाद्या हॉलमधल्या 'आजार बरे करणाऱ्या' प्रार्थनासभेचं असतं तर मी म्हटलं असतं, आधी कोण घेतंय, काय होतं ते विचारा आणि मन नसेल तर स्वच्छ नाही म्हणा. इथं तसं काही दिसत नाही. आणि ग्रुपवर खुलासा लिहीत बसू नका. या भेटीला सगळ्या घराची संमती लागते, हे तुम्ही धरून चालला आहात. ती तुम्हाला कुणी मागितलेली नाही.

सासूबाईंनी तर तुम्हाला परवानगी दिलीच आहे. "मला ओढू नका" हेही त्यांनी सरळ सांगितलं, ते तसंच मान्य करा. त्यांचं व्रत गुरुवारी, मिस्सा रविवारी, आड काही येत नाही. यायचं म्हणाल्या तर गुडघेदुखीसाठी कडेची जागा धरा. नाही म्हणाल्या तर परत विचारू नका.

राहिला नाश्ता, आणि तिथं मात्र आधी बोलायला हवं, कारण मार्गशीर्षभर तुमच्याकडे मांस-मासे बंद असतील तर अंड्याचाही प्रश्न येतो. नाताळचा केक बहुधा अंड्याचा, आणि त्यातला सुका मेवा पुष्कळदा रममध्ये भिजवलेला. नेवऱ्या मात्र आपल्या करंज्यांसारख्याच, ओल्या खोबऱ्याच्या किंवा रव्याच्या. हे टेबलावर बसून विचारलंत तर काकू ओशाळतील. चार दिवस आधी कळवलंत तर तुमच्यासाठी वेगळं काढून ठेवतील. जाताना अर्धा किलो कुंदा न्या.

काकूंना असं पाठवा: "काकू, आम्ही चौघं तिसऱ्या रविवारी नक्की येतो. चर्च कुठलं, मिस्सा किती वाजता आणि कुठल्या भाषेत ते सांगा. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी आम्ही बसून राहू, मुलीलाही सांगितलंय. आमचा मार्गशीर्ष आहे, तेव्हा अंडं आणि मांस-मासे चालणार नाहीत, नेवऱ्या मात्र भरपूर ठेवा. आई घरीच थांबतील, त्यांच्यासाठी डब्यात दोन द्या."